टपाल आणि दुकान : छोट्या आगगाडीच्या बाजाराचा इतिहास

रुळांवर धांवणारी लहानशी आगगाडी, तिचे डबे, सिग्नल, सांधे, स्टेशनें आणि बोगदे हा सर्व संसार घरांतल्या एका टेबलावर मांडून बसण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. ह्या छंदाच्या लोकांत आज एक तक्रार वारंवार ऐकूं येते. पूर्वीं प्रत्येक बऱ्या शहरांत ह्या सामानाचें एक दुकान असे, तेथें जाणता दुकानदार बसे, आणि इंटरनेटवरून घरबसल्या माल मागविण्याची सोय झाल्यापासून हीं दुकानें एकामागून एक मिटत चाललीं आहेत, अशी ती तक्रार. दुकानें मिटलीं हें खरें आहे. परंतु ह्या तक्रारीच्या पोटीं जो इतिहास गृहीत धरलेला असतो, म्हणजे आधीं दुकान होतें आणि मागाहून दूरचा विक्रेता आला, तो बराचसा उलटा आहे. हा धंदा नांवारूपास आला तो मुळीं टपालाच्या बळावर. दुकान त्याच्या मागून आलें, कांहीं काळ चांगलें भरभराटलें, आणि त्याचा पाया खचूं लागला तोही इंटरनेट लोकांच्या घरांत शिरण्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें.

येथें एक भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. चावी देऊन सोडून द्यावयाची पत्र्याची गाडी हें खेळणें होय, आणि खेळणीं विकणारीं दुकानें फार जुनीं आहेत. लंडनचें हॅमलीजचें दुकान १७६० सालीं हाय होबर्न रस्त्यावर ‘नोहाची नौका’ ह्या नांवानें निघालें, तेव्हां जगांत वाफेची आगगाडीच नव्हती. (तेंच हॅमलीज २०१९ सालीं मुंबईच्या रिलायन्सनें विकत घेतलें, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) परंतु खऱ्या एंजिनाचें माप घेऊन ठराविक प्रमाणांत उतरविलेली, रेल्वे कंपनीच्या रंगाची आणि क्रमांकाची हुबेहूब प्रतिकृति ही वस्तु वेगळी. ती मागणारें गिऱ्हाईक बहुधा प्रौढ असतें, आणि गाडी एकदां विकत घेऊन त्याचें भागत नाहीं. रूळ, सांधे, चाकें, डबे जोडावयाचे आंकडे, रंग, तारा अशी त्याची मागणी वर्षानुवर्षें चालूच राहते. असलीं गिऱ्हाइकें एका गांवांत चार-दोनच सांपडावयाचीं. चार गिऱ्हाइकांवर दुकान चालत नाहीं. देशभर विखुरलेल्या चार हजारांवर टपालाचा धंदा मात्र सुखानें चालतो. पुढील पुष्कळशी हकीकत ह्या साध्या हिशेबांतून निघालेली आहे.

टपालानें माल मागवावयाचा तर वस्तु डोळ्यांनीं न पाहतां तिचें वर्णन करतां आलें पाहिजे, आणि आलेली वस्तु घरच्या वस्तूशीं जुळली पाहिजे. ही सोय जर्मनींत झाली. ग्योपिंगेन गांवीं टेओडोर मेर्कलिन ह्या कारागिरानें १८५९ सालीं मुलींच्या भातुकलीचीं पत्र्याचीं भांडीं करण्याचा उद्योग काढला. त्याची पत्नी कॅरोलिना ही मालाचे नमुने घेऊन स्वतः गांवोगांव हिंडे. धंद्यासाठीं अशी फिरतीवर निघणारी बाई त्या काळीं विरळाच. १८६६ सालीं टेओडोर वारला, तरी तिनें उद्योग बंद पडूं दिला नाहीं. पुढें मुलांच्या हातीं कारभार आल्यावर १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेंत मेर्कलिननें चावीची एक गाडी मांडली आणि तिच्याबरोबर तुकड्या-तुकड्यांनीं वाढवितां येण्यासारखा रूळमार्ग मांडला. ह्या रुळांच्या रुंदीला क्रमांक दिलेले होते. त्यापूर्वींची खेळण्यांतली गाडी ही एक संपलेली वस्तु होती. मेर्कलिननंतर ती कधींच न संपणारी वस्तु झाली. यंदा गाडी आणि वर्तुळाकार रूळ, पुढल्या नाताळांत सांधा, त्यापुढें स्टेशन. ह्यांतील धंदेवाईक चातुर्य उघड आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा होता तो क्रमांक. ‘पहिल्या क्रमांकाच्या रुळाचा सांधा पाठवावा’ एवढें पोस्टकार्डावर लिहिलें कीं काम भागे. आज पहिला क्रमांक म्हणजे ४५ मिलिमीटर, शून्य क्रमांक म्हणजे ३२ मिलिमीटर, आणि शून्याच्या निम्म्याचा म्हणून ‘एच-ओ’ हा १६.५ मिलिमीटर, अशीं मापें रूढ आहेत. दुकानदाराच्या हातांतली मोजपट्टी अशा रीतीनें प्रथमच पत्राच्या पाकिटांत शिरली.

ब्रिटनमध्यें पार्सलाचें टपाल १ ऑगस्ट १८८३ रोजीं सुरू झालें. आरंभीं सात पौंडांपर्यंतचें पार्सल घेत. १८८६ सालीं ही मर्यादा अकरा पौंडांवर नेली गेली. लहान एंजिन आणि चार डबे घरपोंच पाठविण्यास एवढें वजन पुरेसें होतें. ह्या सोयीचा फायदा ज्या माणसानें सर्वांत चांगला उठविला तो नॉर्दम्प्टन गांवचा वेनमन जोसेफ बॅसेट-लोक. त्याच्या बापाचा बॉयलर बनविण्याचा कारखाना होता. जोड्यांच्या व्यवसायासाठीं प्रसिद्ध असलेल्या त्या गांवांत छोट्या एंजिनांना गिऱ्हाईक तें किती असणार! परंतु १८९८ च्या जानेवारींत पर्सिव्हल मार्शल ह्यांनीं लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर’ हें नियतकालिक सुरू केलें, आणि देशभरांतल्या हौशी कारागिरांना एकमेकांचा पत्ता लागला. तरुण बॅसेट-लोकनें त्यांत जाहिराती दिल्या. १८९९ सालीं आपलें पहिलें सूचीपत्र काढलें. आणि एंजिनाचे ओतीव भाग, झडपा, चाकें असें सामान पत्रानें मागणाऱ्यांस पाठवूं लागला. दुसऱ्याच वर्षीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्यानें न्यूरेंबर्गच्या बिंगसारख्या जर्मन कारखानदारांचें काम पाहिलें, आणि इंग्लिश रेल्वेच्या नमुन्याचीं एंजिनें त्यांच्याकडून करवून घेण्याचा ठराव केला. आराखडा इंग्लंडांत, घडण न्यूरेंबर्गास, विक्री नॉर्दम्प्टनहून टपालानें, असा हा व्यवहार होता. आज आराखडा इंग्लंडांत, घडण चीनमध्यें आणि विक्री इंटरनेटवरून होते. तेव्हां ह्या व्यवहारांत नवें तें किती, हें श्रोत्यांनींच पाहावें.

ह्या ठिकाणीं आपल्याकडील एक गोष्ट अभिमानानें सांगण्यासारखी आहे. माल हातीं आल्यावर पैसे द्यावयाचे, ही जी ‘व्ही. पी.’ची पद्धत प्रत्येक मराठी घराला पुस्तकांच्या आणि औषधांच्या निमित्तानें ठाऊक होती, ती हिंदुस्थानच्या टपालखात्यानें १८७७ सालीं सुरू केली. अमेरिकेंत ती १९१३ सालीं आली, आणि खुद्द ब्रिटनमध्यें देशांतर्गत पार्सलांसाठीं १९२६ सालीं. तेथें ती इतकी लांबली ह्याचें एक कारण गांवोगांवच्या किरकोळ दुकानदारांचा विरोध हें होतें. लंडनची बडी दुकानें टपालवाल्याच्या हातून आमच्या दारांतलें गिऱ्हाईक पळवितील, ही त्यांची भीति होती. इंटरनेटविषयीं आज जें बोललें जातें तें त्या वेळीं टपालवाल्याच्या थैलीविषयीं बोललें गेलें.

असें असतां १९०८ सालीं बॅसेट-लोकनें लंडनमध्यें ११२, हाय होबर्न येथें स्वतःचें दुकान उघडलें. टपालावर भरभराटलेल्या माणसाला महागड्या रस्त्यावर जागा घेण्याची बुद्धि कां झाली? कारण सूचीपत्रानें विकतां येतें, पण मोहवितां येत नाहीं. चित्रांतलें एंजिन वाफ सोडीत नाहीं. दहा गिनीची वस्तु पत्रानें मागविणारा माणूस आधीं कोठें तरी ती चालतांना पाहतो, हें त्यानें ओळखलें होतें. त्याच होबर्न भागांत गॅमेजचें अवाढव्य भांडार होतें. तेथें बिंगच्या गाड्या ढिगांनीं विकल्या जात, आणि त्याचें जाडजूड सूचीपत्र परगांवींही जाई. तात्पर्य, त्या काळीं टपाल आणि दुकान हे दोन पक्ष नव्हतेच. एकाच व्यापाऱ्याचे ते दोन हात होते.

दर्शनी काचेचें हें सामर्थ्य अमेरिकेंत जवळजवळ त्याच सुमारास एका गमतीच्या प्रकारानें प्रत्ययास आलें. जोशुआ लायनेल कोवेन ह्या तरुणानें न्यूयॉर्कमध्यें विजेवर चालणारी एक उघडी वाघीण बनविली आणि ती एका दुकानदाराला दिली. ती विकण्यासाठीं नव्हतीच. आंत दुसरा माल ठेवून ती काचेमागें गरगर फिरती ठेवावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचें लक्ष वेधावें, एवढाच हेतु. परंतु लोक आंत येऊन माल विचारण्याऐवजीं ती वाघीणच मागूं लागले. लायनेल कंपनीचा पुढील प्रचंड व्यापार ह्या मागणींतून निघाला, अशी कथा त्या धंद्यांत सांगतात.

पहिल्या महायुद्धानें जर्मन मालाची वाट तुटली. न्यूरेंबर्गचा कारखानदार जॉर्ज कॅरेट हा फ्रेंच नागरिक असल्यामुळें त्याला जर्मनी सोडावी लागली आणि १९१७ सालीं त्याचा कारखाना बंद झाला. बिंगचा कारखानाही १९३० नंतर लौकरच बुडाला. ह्या रिकाम्या जागेंत लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी शिरला. ‘मेकॅनो’ ह्या जोडखेळाचा तोच जनक. त्या खेळाचें पेटंट त्यानें १९०१ सालीं घेतलें होतें. १९२० सालीं त्यानें चावीच्या आगगाड्या काढल्या, आणि १९३८ सालीं टेबलावर मावणारी ‘हॉर्नबी-डब्लो’.

हॉर्नबीची विक्रीची पद्धत बॅसेट-लोकच्या उलट होती. त्यानें गांवोगांवच्या दुकानांचें जाळें उभें केलें. हीं बहुतेक खेळण्यांचीं, सायकलींचीं किंवा लोखंडी सामानाचीं दुकानें असत. त्यांच्या एका कपाटांत मेकॅनो आणि हॉर्नबीचा माल मांडलेला असे. टपालाचा उपयोग हॉर्नबीनें केला तो माल पाठविण्यास नव्हे, तर ओढ लावण्यास. ‘मेकॅनो मॅगझीन’ १९१६ पासून निघत होतें. १९२८ सालीं ‘हॉर्नबी रेल्वे कंपनी’ नांवाचा मुलांचा संघ निघाला आणि त्याचे बिल्ले मुलांच्या कोटांवर झळकूं लागले. मासिक घरीं येई आणि मुलगा दुकानाकडे धांवे.

ह्या दुकानांतून जें घडे त्याकडे जरा थांबून पाहिलें पाहिजे. मुलगा शनिवारीं खाऊचे साठविलेले पैसे घेऊन येई आणि एखादा सिग्नल किंवा एक वाकडा रूळ घेऊन जाई. गाडी अडखळूं लागली तर तो ती कागदांत गुंडाळून आणी. दुकानदार ती काउंटरावरच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवी, चाकांत अडकलेला गालिचाचा धागा चिमट्यानें उपसून काढी, दोन थेंब तेल घाली आणि परत देई. ह्याचें बिल होत नसे. सांधा डाव्या हाताचा हवा कीं उजव्या, हें मुलाला ठाऊक नसे. दुकानदार त्याच्याकडून कागदावर मार्ग काढून घेई आणि योग्य तो सांधा देई. तेथेंच एखादे वयस्क गृहस्थही उभे असत, त्यांचें बोलणें मुलाच्या कानीं पडे, आणि झाळकाम करण्यापूर्वीं पितळ कसें साफ करावें, हें विद्यादान फुकट होई. शाळेंत न शिकविली जाणारी अशी विद्या काउंटराच्या अलीकडे आणि पलीकडे पुष्कळ होती.

हें फुकट दिसत असे, पण फुकट नव्हतें. त्याचा खर्च कोठून निघे? तो छापील किमतींतून निघे. कारखानदारानें सूचीपत्रांत जी किंमत छापली तीच किंमत प्रत्येक दुकानदारानें घ्यावयाची, कमी घेईल त्याचा माल बंद, असा त्या काळचा दंडक होता. खेड्यांतलें दुकान आणि लंडनचें भांडार ह्यांत एंजिनाची किंमत एकच. दुसरीकडे स्वस्त मिळण्याचा संभवच नसल्यामुळें गिऱ्हाईक जेथें चांगली वागणूक मिळे तेथें जाई, आणि दुकानदार किमतीनें लढतां येत नाहीं म्हणून सेवेनें लढे. ह्या दंडकाचें समर्थन करणें आज कठीण आहे. गरिबाच्या मुलाला तीच गाडी थोड्या किमतींत मिळूं शकली असती, ती ह्या दंडकानें मिळूं दिली नाहीं. आणि आळशी दुकानदारही त्याच्या आडोशाला सुखानें बसला. परंतु काउंटरावरचें तें विद्यादान ह्याच पैशावर पोसलें होतें, हेंही तितकेंच खरें आहे.

ब्रिटनमध्यें हा आडोसा १९६४ सालीं गेला. व्यापारमंत्री एडवर्ड हीथ ह्यांनीं त्या वर्षीं जो कायदा आणला त्यानें कारखानदाराला किरकोळ किंमत बांधून देण्यास, न्यायालयानें मान्य केलेले अपवाद सोडून, मनाई झाली. त्यांच्याच पक्षांतील पुष्कळ सभासद गांवोगांवच्या दुकानदारांचे कैवारी होते, आणि औषधांना वगळण्याची एक सूचना तर अवघ्या एका मतानें फेटाळली गेली. योगायोग असा कीं, त्याच १९६४ सालीं बॅसेट-लोक कंपनीनें किरकोळ विक्री बंद करून होबर्नच्या दुकानासह आपलीं दुकानें बीटीज ह्या व्यापाऱ्यांस विकलीं, आणि त्याच सालीं मेकॅनो कंपनी लाइन्स बंधूंच्या ताब्यांत गेली. ह्या दोन घटनांचीं कारणें वेगळीं होतीं. मुलांचें मन आगगाडीवरून उडून इतर खेळांकडे आणि दूरचित्रवाणीकडे वळलें होतें. तरी एका युगाची समाप्ति पाहावयाची असेल तर हें वर्ष सोईचें आहे. लिव्हरपूलचा मेकॅनोचा कारखाना १९७९ सालीं बंद पडला.

किंमत मोकळी झाल्यावर त्याच लिव्हरपूल शहरांतील एक साधें दुकान पुढें आलें. नॉर्मन हॅटन ह्यांनीं तें १९४६ सालीं काढलें होतें. थोड्या नफ्यावर पुष्कळ माल विकावयाचा आणि परगांवच्या मागणीला टपालानें उत्तर द्यावयाचें, ह्या धोरणानें हॅटन्सचें नांव ब्रिटनमधील ह्या छंदाच्या प्रत्येक घरांत पोंचलें. नॉर्दम्प्टनचा जुना मार्ग पुन्हा उघडला होता. फक्त आतां त्यावर सवलतीच्या किमतीची गाडी धांवत होती.

अमेरिकेंत हीच गोष्ट निराळ्या क्रमानें घडली. मिलवॉकी शहरच्या विल्यम वॉल्थर्स ह्यांनीं १९३२ सालीं चोवीस पानांचें एक सूचीपत्र काढलें आणि पंधरा सेंटांस विकलें. रूळ, आंकडे आणि विजेचें सामान एवढाच त्यांतला माल, आणि विक्री पत्रानें. त्याच शहरांत १९३४ च्या जानेवारींत ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक निघालें आणि १९३५ सालीं छांदिष्टांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ह्या संस्थेनें पहिलें मोठें काम केलें तें मापांच्या एकीचें. एकाचीं चाकें दुसऱ्याच्या सांध्यावरून घसरत, एकाचा आंकडा दुसऱ्याच्या डब्यांत अडकत नसे. हा घोळ मिटल्याशिवाय न पाहतां खरेदी करणें हा जुगारच होता. पुढें वॉल्थर्स कंपनी इतरांचाही माल घाऊक घेऊन दुकानांना पुरवूं लागली, आणि आज तीच इंटरनेटवरून पुन्हा थेट गिऱ्हाइकालाही विकते.

तेथेंही किंमत बांधून देण्यास कायद्याचें पाठबळ होतें. १९३७ च्या मध्यवर्ती कायद्यानें तें दृढ केलें आणि १९७५ सालीं तें काढून घेतलें गेलें. परंतु सवलतीनें विकणाऱ्या भांडारांनीं पन्नासाच्या दशकांतच त्याला खिंडारें पाडलीं होतीं. लायनेलच्या जुन्या मालाची पंढरी म्हणजे न्यूयॉर्कच्या तेविसाव्या रस्त्यावरील मॅडिसन हार्डवेअर हें दुकान. नांव लोखंडी सामानाचें, पण आंत छतापर्यंत लायनेलचे खोके आणि सुटे भाग रचलेले. इतरत्र संपलेला भाग येथें हमखास मिळे. १९८९ सालीं लायनेलच्या तत्कालीन मालकानें हें दुकान सांठ्यासकट विकत घेऊन डेट्रॉइटला हलविलें. सांठा गेला, खोके गेले. कोणत्या खोक्यांत काय आहे हें तोंडपाठ असलेला काउंटर मात्र हलवितां येण्यासारखा नव्हता.

१९९५ सालीं ‘ई-बे’ निघालें, आणि मॅडिसन हार्डवेअरची मिरासदारी सर्व जगाच्या माळ्यांवर आणि अडगळींवर वाटली गेली. तुटलेल्या एंजिनाचें एक चाक शोधीत दहा शहरें हिंडणारा माणूस आतां घरीं बसून तें मिळवूं लागला. आडगांवीं राहणारे, वृद्ध, पंगु अशा लोकांना ह्या सोईनें छंद परत मिळवून दिला. दुकानांच्या आठवणी काढून हळहळणारे लोक ही गोष्ट सहसा बोलून दाखवीत नाहींत. उलट पक्षीं, दुकानांत जाऊन एंजिन हातांत घ्यावयाचें, दुकानदाराकडून चालवून पाहावयाचें, त्याला पांच प्रश्न विचारावयाचे, आणि घरीं येऊन तें इंटरनेटवर दोन पौंडांनीं स्वस्त मागवावयाचें, हा प्रकार सर्वत्र बोकाळला. त्याला व्यवहार म्हणावा कीं कृतघ्नता, ह्याविषयीं मतभेद होईल. दुकानदाराच्या वहींत मात्र तो तोटा म्हणूनच लिहिला जातो.

कांहीं माल अजून दुकानालाच चिकटून आहे. तीन फूट लांबीचा लवचीक रूळ टपालांत वांकतो. पेटणारे रंग आणि द्रावण पाठविण्यावर टपालखात्याचे निर्बंध आहेत. शिवाय मापाची एक जुनी फसगत आहेच. जर्मन किंवा अमेरिकन एच-ओ हें १:८७ प्रमाणाचें. परंतु इंग्लंडचीं खरीं एंजिनें अंगानें लहान, त्यांत मोटर मावेना, म्हणून तेथील कारखानदारांनीं रूळ १६.५ मिलिमीटरचाच ठेवून एंजिन मात्र १:७६ प्रमाणाचें केलें. रूळ सारखा म्हणून नवखा माणूस इंग्लिश डब्यांशेजारीं मांडण्यास जर्मन स्टेशन मागवितो, आणि उतारू दारांत वाकून शिरतील असें तें ठेंगणें दिसतें. जाणत्या दुकानदारानें हें पाकीट फोडण्यापूर्वींच सांगितलें असतें.

मग इंटरनेटवर विकणारे तरी सुखी झाले काय? हॅटन्स १९४६ चें दुकान, मग टपालाचें दुकान, मग इंटरनेटवरील ब्रिटनमधलें एक अग्रगण्य दुकान झालें. २०१६ सालीं तें लिव्हरपूल सोडून विड्नेस येथें मोठ्या जागेंत गेलें. आणि २०२४ च्या जानेवारींत त्यानें धंदा आटोपता घेत असल्याचें जाहीर केलें. आतां कारखानदार मर्यादित संख्येनें माल काढतात, वस्तु तयार होण्यापूर्वींच मागण्या नोंदवून घेतात, आणि पुष्कळ वेळां स्वतःच थेट विकतात. ह्या व्यवहारांत मधल्या विक्रेत्याचा नफा प्रथम झिजतो, मग तो काउंटरामागें उभा असो कीं संगणकामागें. हॉर्नबी कंपनीनें २०२२ सालीं १:१२० प्रमाणाची नवी मालिका काढली ती फक्त स्वतःच्या संकेतस्थळावरून विकण्याचें ठरवून. ह्यावर दुकानदारांत नाराजी पसरली, आणि पुढें तो माल दुकानांतही देण्यांत आला. न पाहिलेल्या मापाची ओढ लागण्यास कोठें तरी काच आणि तिच्यामागें फिरती गाडी लागते, हा होबर्नचा १९०८ चा धडा येथें पुन्हा गिरवावा लागला असें दिसतें. अमेरिकेंत डेन्व्हरचें कबूस हॉबीज हें १९३८ पासूनचें नामांकित दुकान २०१६ सालीं बंद झालें, आणि पुढल्या वर्षीं निराळ्या मालकांनीं जवळच्या लेकवुड गांवीं ‘कबूस’ ह्या नांवानें तें पुन्हा उघडलें.

भारतांतील छांदिष्टापुढें हा प्रश्न ह्या स्वरूपांत येतच नाहीं, कारण निवड करण्याजोगीं दुकानें त्याच्या वांट्याला फारशीं आलींच नाहींत. ज्या देशांत १६ एप्रिल १८५३ पासून, म्हणजे मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हांपासून, आगगाडी धांवत आहे, तेथें तिची हुबेहूब प्रतिकृति करूं जावें तर मापापासून अडचण. आपला रुंद मार्ग ५ फूट ६ इंचांचा. १:८७ प्रमाणांत त्याची रुंदी १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक भरते, आणि बाजारांतला रूळ १६.५ चा. परदेशांतून पार्सल मागवावें तर जकात आडवी येते. खेळणीं आणि लहान प्रमाणाच्या प्रतिकृति जकातीच्या एकाच सदरांत पडतात. त्या सदराचें मूळ शुल्क २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० टक्के झालें आणि २०२३ सालीं ७० टक्क्यांवर गेलें; शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची मोहोर आवश्यक झाली. देशी खेळण्यांच्या कारखान्यांस उत्तेजन मिळावें हा त्यामागील हेतु. टपालाची वाट येथें दुकानदारानें अडविली नाहीं. ती सरकारच्या नाक्यावर अडते. लहान आगगाडी चालतांना पाहण्याची सोय मात्र पुण्यास कोथरुडांत आहे. भाऊसाहेब जोशी ह्यांचें लघुरेल्वे-संग्रहालय तेथें १९९८ सालीं खुलें झालें. तिकीट काढून आंत गेलें कीं एका खोलीत मावेल अशा शहरांतून, पुलांवरून आणि सिग्नलांपाशीं थांबत निरनिराळ्या गाड्या फिरूं लागतात, आणि मुलें कांठाशीं नाक लावून त्या पाहत उभीं राहतात.